चर्चची इमारत: आर्किटेक्ट शेवटी नव्हे, आधी

'जागा घ्या, पैसे जमवा, नकाशा समितीने ठरवा. आर्किटेक्ट लागतो तो फक्त मंजुरीच्या सहीसाठी.' बांधकामाचा विषय निघाला की मंडळीत हे हमखास ऐकू येतं. पैसे वाचवायचा हा मार्ग वाटतो खरा, पण खर्च वाढतो तो इथेच.

आर्किटेक्टचं पहिलं काम रेघा मारणं नसून प्रश्न विचारणं असतं. रविवारी किती जण येतात, संडे स्कूल कुठे भरतं, लग्नाला आणि अंत्यविधीला किती गर्दी होते? शवपेटी दारातून वळेल का, व्हीलचेअरवरच्या आजी वेदीपर्यंत पोचतील का? ही उत्तरं जागा घेण्याआधी मिळाली, तर पार्किंगला आणि पुढच्या वाढीला न पुरणारा प्लॉट गळ्यात पडत नाही.

आवाजाचं उदाहरण घ्या. प्रवचन स्पष्ट ऐकू यायला घुमणारा आवाज साधारण 1 सेकंदात विरायला हवा. गायकवृंद आणि ऑर्गनला 2 सेकंद किंवा त्याहून जास्त घुमारा शोभतो. दोन्हींचा मेळ छताची उंची, भिंतींचा आकार आणि पृष्ठभाग यांवर ठरतो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांनी हे गणित 1890च्या दशकातच मांडलं. याचा विचार न करता उंच काँक्रीटचा हॉल उभा राहिला, तर महागडे स्पीकर लावून ती चूक पुरती भरून निघत नाही.

आणि निधी? प्राथमिक आराखडा आणि ढोबळ अंदाजपत्रक हातात असेल, तरच देणगी नेमकी कशासाठी हवी ते लोकांना दाखवता येतं. काम टप्प्याटप्प्याने करायचं असेल, तर पुढच्या मजल्याचा भार इमारतीचा पाया आखतानाच हिशेबात धरावा लागतो.