रक्त नासत नाही, एक पेशी बहकते

ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झाला म्हटलं की ‘रक्तच नासलं’ असं आपल्या गोव्यात सहज बोलतात. मग कुणी रक्तशुद्धीचा काढा सुचवतो, कुणी देवळात कौल लावायला नेतो. कौल लावावा खुशाल, पण त्यासाठी केमोथेरपी अडवू नये. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएल, आठवड्यांच्या हिशेबाने बळावतो. आणि सगळं रक्त नासत नसतंच. अस्थिमज्जेतली, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या गरातली, एक पेशी बिघडते, तिची प्रजा माजते.

याचा पहिला पुरावा मला फार देखणा वाटतो. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, एक आईकडचं, एक बापाकडचं. गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी त्यांतलं एक बंद करते. कोणतं, याला नियम नाही. पण बंद झालं की त्या पेशीच्या साऱ्या वंशात तेच बंद राहतं. ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ मेरी लायन यांनी हे १९६१ मध्ये मांडलं. जी६पीडी या एन्झाइमचं जनुक याच एक्सवर आहे. (मलेरियात प्रिमाक्विन देण्याआधी तपासतात, तेच हे.) काही स्त्रियांत त्याचे ए आणि बी असे दोन प्रकार असतात. जेलमधून वीजप्रवाह सोडला की ते वेगवेगळ्या वेगाने सरकतात. निरोगी रक्ताचे दोन पट्टे उमटतात, ल्युकेमियाच्या पेशींचा एकच! अनेक पेशी स्वतंत्रपणे बिघडल्या असत्या तर सरमिसळ दिसली असती. फिलिप फिआल्को आणि सहकाऱ्यांनी हे १९६७ मध्ये क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे हळू वाढणाऱ्या प्रकारात, दाखवलं, पुढे एएमएलमध्ये.

पण काही रुग्णांत रोग हटला, पेशी निरोगी दिसू लागल्या, तरी पट्टा एकच राहिला. म्हणजे या पेशीही त्याच कुळातल्या? उलगडा व्हायला डीएनए वाचता यावा लागला. २००८ मध्ये एएमएल झालेल्या एका स्त्रीच्या कॅन्सरपेशींचा संपूर्ण जीनोम वाचला गेला. कुठल्याही कॅन्सरच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडलं. पुढे कळलं, की डीएनएमटी३ए सारख्या जनुकातला बदल कधी कधी रोगाच्या कितीतरी वर्षं आधी झालेला असतो आणि तोवर रक्त सुरळीत बनत असतं. सत्तरीपुढच्या दहांतल्या एकाहून अधिक जणांत असा क्लोन, म्हणजे एका बदललेल्या पेशीची प्रजा, सापडतो. बहुतेकांना ल्युकेमिया कधीच होत नाही. एनपीएम१, एफएलटी३ या जनुकांमधले बदल सहसा नंतरचे. मानकुराद आंब्याच्या कलमांतून एक फांदी वेगळी निघावी आणि पुढे तिचीच कलमं पसरावीत, तसं.

म्हणून उपचारांनंतर एनपीएम१ मधला बदल पुन्हा दिसला तर डॉक्टर सावध होतात. एकट्या डीएनएमटी३ए वरून मात्र रोग परतला असं ते म्हणत नाहीत. तो जुना क्लोन केमोथेरपीतूनही तगलेला असू शकतो.