सायकलवरून उतरल्यावर पाय जड होतात ते लॅक्टिक अॅसिडमुळे? नाही हो!

इंदूरात सुपर कॉरिडॉरवर सकाळी सायकल चालवणाऱ्यांत एक समज पक्का बसलाय, की ट्रायथलॉनमध्ये (पोहणं, सायकल आणि पळणं सलग एकाच रेसमध्ये) सायकलनंतर पाय लाकडासारखे होतात ते लॅक्टिक अॅसिड साचल्यामुळे, म्हणून उतरल्यावर आधी थांबून स्ट्रेचिंग करा. अहो, शरीरात जे बनतं ते लॅक्टेट, आणि ते कचरा नाही, स्नायू आणि हृदय तेच इंधन म्हणून जाळतात.

खरं कारण वेगळंय. तासभर वाकून गोल गोल पेडल मारल्यावर मेंदू-स्नायूंचा ताल त्यातच अडकलेला असतो, त्यात मांड्या दमलेल्या, आणि तुम्ही एकदम सरळ उभं राहून पळायला लागता, मग पाय आपले वाटतच नाहीत. बहुतेकांचं पहिल्या एक-दोन किलोमीटरात सुटतं.

पहिली रेस स्प्रिंट असेल, म्हणजे 750 मीटर पोहणं, 20 किमी सायकल, 5 किमी रन, तर सायकलवर हिरोगिरी नको (रन बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच). शेवटचा किलोमीटर हलक्या गिअरवर, पाय भरभर फिरवत. उतरल्यावर छोटी पावलं. आणि आठवड्यातून एकदा सायकल ठेवली की लगेच 10-15 मिनिटं पळायचं, पोहे-जिलेबी त्यानंतर!