भाज्यांची स्मूदी आणि बहुतांशी कच्चा आहार : सुरू करण्यापूर्वी हे वाचा

(आमच्या नेहमीच्या आणि नव्या ग्राहकांसाठी)

रोज सकाळी आमच्याकडून भाज्यांच्या स्मूदीची बाटली नेणारे बरेच जण काही दिवसांनी विचारतात, "आता दोन्ही वेळचं जेवण बंद करून नुसत्या स्मूदीवर राहिलं तर चालेल का?" पोट हलके वाटायला लागलेले असते, चहाबरोबरची खारी-बिस्किटे सुटलेली असतात, त्यामुळे उत्साह समजण्यासारखा आहे. तरी आमचे उत्तर नाही असेच आहे. दिवसातले निम्म्याहून जास्त अन्न कच्चे ठेवता येते आणि ते सुखाने पचतेही. पण एक शिजवलेले, पूर्ण जेवण रोज हवेच. आमच्या दोन बाटल्या कमी खपल्या तरी हरकत नाही, हे मात्र सोडू नका.

बाटलीत काय असते आणि काय नसते

काकडी, टोमॅटो, गाजर आणि थोडी पालेभाजी अशी एक किलो मिसळ भाजी घेतली तर तिच्यात साधारण 200 ते 300 कॅलरी आणि जेमतेम 10 ते 15 ग्रॅम प्रथिने मिळतात. 60 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे 50 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे किलोभर भाजी वाटून प्यायली तरी गरजेचा मोठा भाग बाकीच राहतो. सुरुवातीला वजन भराभर उतरते ते यामुळेच. पण त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात, काही महिन्यांत केस गळू लागतात आणि जिना चढताना दम लागतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना दिल्या. 2000 कॅलरींच्या आहारात 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे असावीत, असे त्यात सांगितले आहे. आपल्या ताटात बहुतेक वेळा वाटीभर भाजी आणि चिमूटभर कोशिंबीर असते, 400 ग्रॅमच्या जवळपासही आपण जात नाही. स्मूदीचा खरा उपयोग इथे आहे. एका मोठ्या ग्लासात पाव किलोहून जास्त भाजी सहज बसते. त्याच सूचनांमध्ये डाळी-कडधान्ये, दाणे-बिया, दूध-दही आणि धान्य यांचेही माप दिलेले आहे, आणि तो भाग ग्लासातून येत नाही.

बी12 जीवनसत्त्वाचे वेगळे सांगायला हवे. ते कोणत्याही भाजीत नसते, कितीही ताजी आणि कितीही हिरवी असली तरी. शाकाहारी घरांत आधीच त्याची कमतरता असते. दूध-दहीही बंद केले तर काही महिन्यांत तळपायांना मुंग्या येणे, थकवा, विसराळूपणा सुरू होऊ शकतो. बहुतांशी कच्चा आहार लांबवायचा असेल तर आधी रक्तातले बी12 तपासून घ्या.

आपल्याकडे कच्चे खाणे नवे नाही

काकडीची खमंग कोशिंबीर, मुळ्याचा कीस, कैरीचा तक्कू, गाजराची पचडी, मराठवाड्यातला कोवळ्या मेथीचा घोळाणा, भाकरीबरोबर फोडलेला कांदा : हे सगळे कच्चेच. घोळाण्यात दाण्याचे कूट आणि तेल असते, कोशिंबिरीत दही किंवा कूट असते. स्निग्ध पदार्थ असल्याशिवाय गाजरातले आणि पालेभाजीतले कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते) शरीरात नीट शोषले जात नाही, म्हणून ही जोड मोलाची आहे. आमच्या प्रत्येक बाटलीत ताक, तीळ किंवा भिजवलेले शेंगदाणे असतात ते याच कारणाने. "फक्त भाजी घाला, बाकी काही नको" अशी मागणी येते, ती आम्ही नम्रपणे नाकारतो.

कच्चे सगळेच चांगले आणि शिजवलेले सगळेच मेलेले, असेही नाही. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते, म्हणून लिंबू, टोमॅटो, ढोबळी मिरची, कोथिंबीर कच्ची खाण्यात फायदा आहे. उलट टोमॅटोतले लायकोपिन (त्याला लाल रंग देणारे उपयुक्त द्रव्य) शिजवल्यावर जास्त मिळते. अळू आणि सुरण कच्चे गेले तर घसा खवखवून सुजतो. राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला विषारी असतो, मोड आणून वाटला तरीही. मोड आलेले मूग चालतात, पण त्यांनाही दोन-चार मिनिटे वाफ द्यावी असे आम्ही सुचवू, कारण मोड येताना जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही मानवते.

1929 साली गांधीजींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर केला होता आणि त्याविषयी 'यंग इंडिया'त लिहिलेही होते. आमांशाचा त्रास झाल्यावर त्यांनी तो थांबवला. निसर्गोपचारावरचा त्यांचा विश्वास मात्र कमी झाला नाही. पुण्याजवळ उरुळी कांचनचा आश्रम 1946 मध्ये त्यांच्याच प्रेरणेने उभा राहिला. प्रयोग करावा, शरीर काय सांगते ते ऐकावे आणि वेळेवर थांबावे, एवढे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

दुधीचा रस आम्ही का देत नाही

हा प्रश्न रोज येतो. दुधी, काकडी, दोडका, पडवळ या एकाच कुळातल्या भाज्या. यांत कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्ये तयार होऊ शकतात. ती विषारी असतात. एरवी त्यांचे प्रमाण नगण्य असते, पण एखाद्या वेलाला, एखाद्या फळाला ते फार वाढते आणि बाहेरून काही कळत नाही. कडू दुधी शिजवून खाल्ला जात नाही, पहिल्याच घासाला आपण ताट सरकवतो. रस मात्र औषध समजून, नाक दाबून, एका दमात प्यायला जातो. धोका तिथे आहे.

2010 मध्ये दिल्लीत असा कडू रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचे सांगणे साधे आहे : रस काढण्याआधी दुधीचा लहान तुकडा चाखा, कडू लागला तर तो दुधी फेकून द्या, आणि दुधीचा रस दुसऱ्या कशाच्या रसात मिसळू नका. शेवटची सूचना फार महत्त्वाची, कारण कारल्यात मिसळला की कडवटपणा कोणाचा ते ओळखू येत नाही. आमच्याकडे एका वेळी अनेक फळे एकत्र वाटली जातात. प्रत्येक दुधी चाखला तरी नजरचुकीला जागा राहते आणि तेवढी जागाही आम्हाला नको आहे.

घरी करत असाल तर देठाकडचा आणि टोकाकडचा असे दोन तुकडे चाखा. काकडीचेही तसेच. साखर किंवा मध घालून कडवटपणा लपवू नका. रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, पोटात कळ किंवा जुलाब सुरू झाले, तर लिंबूपाणी पीत घरी थांबू नका. उलटीत रक्त दिसण्याची वाट तर अजिबात पाहू नका. सरळ रुग्णालयात जा आणि काय प्यायला होतात ते डॉक्टरांना सांगा. यावर उतारा म्हणून वेगळे औषध नाही, लवकर मिळालेली सलाईन आणि देखरेख हाच उपचार आहे.

पालक रोज का नसतो

पालक, चुका, चाकवत, माठ यांत ऑक्झलेट (ज्यापासून मुतखडा होऊ शकतो ते द्रव्य) भरपूर असते. भाजी उकळून पाणी टाकले की त्यातले बरेचसे निघून जाते, कच्च्या स्मूदीत ते सगळेच्या सगळे पोटात येते. जुडीभर कच्चा पालक रोज, महिनोन्‌महिने वाटून पिणाऱ्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. म्हणून आमच्या बाटलीत पालक आठवड्यातून दोनदाच, तोही उकळत्या पाण्यातून काढून आणि ताकासोबत असतो. ताकातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवते. पूर्वी मुतखडा झाला असेल तर आम्हाला जरूर कळवा, तुमच्यासाठी पालक आणि बीट वगळून बाटली भरतो.

धुणे आणि पावसाळा

शिजवताना जे जंतू मरतात ते कच्च्यात मरत नाहीत, त्यामुळे सगळा भार धुण्यावर येतो. वाहत्या पाण्याखाली पान न् पान सुटे करून चोळून धुवा. आम्ही त्यानंतर भाजी 50 पीपीएम (लिटरमागे 50 मिलिग्रॅम) क्लोरीनच्या पाण्यात ठेवतो आणि पिण्याच्या पाण्याने पुन्हा धुतो. मिठाच्या पाण्याने अळ्या आणि माती सुटते, पण जंतू मरतात असे समजू नका. फितकृमीची अंडी तर क्लोरीननेही मरत नाहीत, ती चोळून धुण्यानेच निघतात. कोबीची बाहेरची पाने काढून टाका.

श्रावणात पालेभाजी न खाण्याचा नेम अनेक घरांत आजही पाळला जातो. जून ते सप्टेंबर आम्हीही कच्ची पालेभाजी आणि कोबी बंद ठेवतो. त्या दिवसांत शेतातली पाने चिखलाने माखलेली येतात, कावीळ आणि विषमज्वराचे रुग्णही वाढतात. तेव्हा सोललेली काकडी, गाजर, बीट, आणि भाज्यांचे गरम सूप.

पहिले पंधरा दिवस

पहिला आठवडा फक्त सकाळचा एक ग्लास, बाकी जेवण नेहमीचे. एकदम चोथा वाढला की गॅस होतो, पोट फुगते. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळच्या खाण्याच्या जागी दुसरा ग्लास आणि मूठभर दाणे. दुपारी भाकरी किंवा पोळी, वरण किंवा उसळ, शिजवलेली भाजी आणि मोठी वाटी कोशिंबीर. रात्री मुगाची खिचडी किंवा अंडी चालत असतील तर अंडी. यापुढे जाण्याची गरज बहुतेकांना पडत नाही.

घरच्या एका ग्लाससाठी : अर्धी मोठी काकडी (सुमारे 150 ग्रॅम), एक टोमॅटो, एक मध्यम गाजर, मूठभर कोथिंबीर-पुदिना, आल्याचा लहान तुकडा, वाटीभर ताक, चमचाभर भिजवलेले शेंगदाणे, जिरेपूड, अर्धे लिंबू. आधी गाजर आणि दाणे थोड्या ताकात वाटा, मग बाकीचे घाला. मिक्सर सलग न चालवता थांबून-थांबून फिरवा. गाळू नका, गाळले की चोथा गेला आणि उरला तो नुसता रस. मीठ साधे आयोडीनचेच वापरा. सैंधव उपवासाला ठीक, पण त्यावर आयोडीनची भिस्त ठेवता येत नाही, आणि रोज कच्चा कोबी किंवा फ्लॉवर पोटात जात असेल तर थायरॉईडसाठी आयोडीन पुरेसे हवे.

बीटच्या ग्लासनंतर लघवी किंवा शौच लालसर झाले तर घाबरू नका, तो बीटचा रंग आहे. बीट न खाताही दिसला तर मात्र डॉक्टरांकडे जा. लोहासाठी स्मूदी घेत असाल तर तिच्या मागे-पुढे तासभर चहा नको.

औषधे चालू असतील तर

रक्त पातळ करण्यासाठी वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉमची गोळी चालू असेल तर हिरव्या पानांतले के जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करते. अचानक हिरवी स्मूदी सुरू करणे किंवा अचानक सोडणे, दोन्ही धोक्याचे. आधी डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा आजार असल्यास, किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असल्यास, भाज्यांतले पोटॅशियम रक्तात साठू शकते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवणाऐवजी स्मूदी घेतली तर साखर एकदम खाली येऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, तसेच लहान मुले यांच्या जेवणाच्या बदली स्मूदी आम्ही देत नाही, जेवणासोबत अर्धा ग्लास चालेल. नाव नोंदवताना याबद्दलचे चार प्रश्न आम्ही विचारतो, कृपया खरी उत्तरे द्या.

बाटली हातात आल्यावर लगेच प्या, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी दुपारपर्यंत संपवा. उरलेली दुसऱ्या दिवशी पिऊ नका. गावाला जाणार असाल तर आदल्या संध्याकाळी सातपर्यंत कळवा, त्या दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात वळते करू. रिकामी काचेची बाटली विसळून दारात ठेवली तरी पुरे, उकळत्या पाण्याने आम्ही धुतो.