बीएमआयचा आकडा आला कुठून?

सोलापुरात विडी घरकुल असो की अक्कलकोट रोड एमआयडीसी, आरोग्य तपासणीचे शिबिर लागले की वजनकाटा आणि उंचीची पट्टी आधी मांडली जाते. किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, एवढेच बीएमआयचे (बॉडी मास इंडेक्सचे) गणित. १.५० मीटर उंचीच्या, ५४ किलो वजनाच्या बाईचा बीएमआय २४ येतो. (चपलेसकट उंची घेतली आणि ३ सेंटीमीटर वाढले, की तोच २३.१ होतो, म्हणून चपला काढायला लावणे महत्त्वाचे.) जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या तक्त्यात १८.५ ते २४.९ सामान्य, म्हणजे बाई ठीक. भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये ठरवलेल्या निकषांत मात्र २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. त्या हिशेबाने तिला वेळीच सावध करायला हवे.

हे सूत्र मुळात डॉक्टराचे नव्हेच. बेल्जियमचे गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ ॲडॉल्फ केतले यांनी १८३० च्या दशकात माणसांची मापे गोळा केली, तेव्हा मोठ्या माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असे त्यांना दिसले. त्यांना समाजातला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. कुणाच्या प्रकृतीचे निदान करायचे नव्हते. पुढे अमेरिकी विमा कंपन्यांनी वजन-उंचीचे तक्ते चालवले. १९७२ मध्ये अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापे तपासून केतलेंचे सूत्र सोपे आणि पुरेसे म्हणून निवडले, त्याला आजचे नाव दिले. त्या अभ्यासात बायका नव्हत्या आणि भारतही नव्हता.

या सूत्राची आपल्याकडची उणीव ठळकपणे दाखवली ती पुण्याने. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. दोघांचा बीएमआय २२.३. पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, युडकिन यांच्यात ९.१ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवर याज्ञिकांच्या गटाने केलेल्या अभ्यासातही तेच आढळले होते: बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, स्नायू कमी, तरी कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी टिकलेली. दिसायला बारीक माणसाला साखर कशी, या नेहमीच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर इथे आहे.

त्याच २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी जुने टप्पे कायम ठेवले, पण आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे जोडले. भारतीय निकषांत कंबरेचा घेरही आला: पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. आज तिशीपुढच्या लोकांसाठी आशाताई जो अर्ज भरतात, त्यात कंबरेचे माप विचारलेले असते, बीएमआय नाही.

सोलापूरसाठी कंबर मोजायची ही टेप फार मोलाची आहे असे मला मनापासून वाटते. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईचे हातपाय काटक्यांसारखे आणि पोट तेवढे सुटलेले असू शकते. तिचा बीएमआय २२ भरला तर काटा काहीच सांगणार नाही. उलट मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलणाऱ्या हमालाचा २६ आला, तर त्यातला बराच भाग स्नायूंचा असू शकतो. त्याला नुसत्या आकड्यावरून लठ्ठ म्हणणे अन्यायाचे आहे. आणि १८.५ च्या खाली आलेल्यांकडे शिबिरात कोणी वळून पाहत नाही, याची खंत वाटते. अशक्तपणा, रक्तक्षय, क्वचित क्षयरोगही त्यामागे असू शकतो.

म्हणून शिबिरात मोठ्या माणसांचा बीएमआय २३ किंवा अधिक आला, अथवा कंबर मर्यादेबाहेर गेली, तर लगेच रक्तदाब आणि साखर तपासावी. गरोदर बायकांना आणि मुलांना हा तक्ता लावूच नये. मुलांसाठी वयानुसार वेगळे आलेख आहेत.