जुन्या मोटारीला दुसऱ्या बनावटीचे ब्रेक : डॅटसन २४० झेड आणि टोयोटाचे कॅलिपर

जुन्या मोटारीचे मूळ ब्रेकचे भाग मिळेनासे झाले, किंवा घाटात ते तापून निकामी होऊ लागले, की दुसऱ्या कंपनीच्या गाडीचे तयार भाग तिच्यावर चढवले जातात. अमेरिकेत रुळलेले याचे एक उदाहरण म्हणजे निस्सानच्या डॅटसन २४० झेडवर टोयोटा पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे भाग). ही गाडी १९६९ च्या अखेरीस बाजारात आली आणि १९७३ पर्यंत विकली गेली. पुढे २७१ मिमी व्यासाची, १२.५ मिमी जाडीची भरीव डिस्क आणि दोन पिस्टनचा कॅलिपर, मागे ९ इंची ड्रम, अशी तिची मूळ रचना. कॅलिपरचा पिस्टन ५३.९८ मिमी आणि मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर तेलाच्या दाबात बदलणारा) २२.२२ मिमी, म्हणजे ७/८ इंची आहे.

टोयोटाच्या १९७९ ते १९८५ च्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचा कॅलिपर याच डिस्कवर बसतो. त्याच्या ओतीव अंगावर ‘एस१२+८’ अशी खूण असते. कॅलिपर गाडीला जोडणाऱ्या कानांच्या भोकांमधले अंतर जुळते, त्यामुळे ब्रॅकेट करून घ्यावे लागत नाही. आडवा येतो तो डिस्कमागचा धूळपत्रा. तो कापावा किंवा वाकवावा लागतो, पण कापलेली कड होजला, म्हणजे ब्रेक ऑइलच्या लवचीक नळीला, घासता कामा नये. ‘एस१२डब्ल्यू’ खुणेचा कॅलिपर रुंद, हवा खेळणाऱ्या डिस्कसाठी असतो. त्यासोबत बहुधा निस्सानच्याच १९८४ च्या ३०० झेडएक्सची डिस्क घेतात आणि हब व डिस्क यांच्यामध्ये लेथवर काढलेली चकती घालतात. चकतीची जाडी ऐकीव आकड्यावर ठरवू नये. कॅलिपर बसवून डिस्कच्या दोन्ही अंगांची फट मोजावी आणि दोन फटींमधल्या फरकाच्या निम्म्या जाडीची काढून घ्यावी. कॅलिपर स्थिर जातीचा, दोन्ही बाजूंना पिस्टन असलेला आहे. त्यामुळे डिस्क एका बाजूला सरकलेली असेल तर त्या बाजूला नव्या पॅडला जागा कमी पडते आणि दुसऱ्या बाजूच्या पिस्टनला जास्त बाहेर यावे लागते. चकती घातली की हबचे बोल्टही तेवढे लांब लागतात, हे ऐनवेळी लक्षात येते. या गाडीत डिस्क हबच्या मागून बोल्टने जोडलेली असते. ती बदलायला हब काढावा लागतो, म्हणून बेअरिंगला नवे ग्रीस भरणे आणि त्याचा ताण पुन्हा लावणे हे काम ओघाने येतेच. नंतर डायल गेज लावून डिस्क फिरवावी. डोल ०.१ मिमीच्या आत असावा.

भाग बसला म्हणजे ब्रेक लागला, असे नाही. खरा प्रश्न दाबाच्या हिशोबाचा असतो. कॅलिपरच्या एका बाजूच्या पिस्टनांच्या व्यासांचे वर्ग करून बेरीज करावी आणि ती मूळ पिस्टनच्या वर्गाशी ताडून पाहावी. समजा, हातातल्या कॅलिपरमध्ये एका बाजूला ४३ आणि ३४ मिमीचे पिस्टन निघाले, तर बेरीज ३००५ येते. मूळ ५४ चा वर्ग २९१६. फरक जेमतेम ३ टक्के, म्हणजे पेडलचा प्रवास जवळपास तसाच राहील आणि मास्टर सिलिंडर बदलायची गरज नाही. बेरीज दहा-पंधरा टक्क्यांनी वाढली तर पेडल तितके खोल जाते. तेव्हा १५/१६ इंची मास्टर सिलिंडर विचारात घ्यावा. त्याचे क्षेत्रफळ ७/८ इंचीपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त असते. पेडल तितके वर येते आणि पायाला जोर तितकाच जास्त लागतो. चार पिस्टन आहेत म्हणून गरज नसताना मोठा मास्टर सिलिंडर बसवला, तर पेडल दगडासारखे घट्ट होते. मालक ते ‘टाइट ब्रेक’ म्हणून कौतुकाने सांगतो, पण गाडी मात्र पूर्वीपेक्षा उशिरा थांबते.

पॅड मोठा झाल्याने घर्षणाचा जोर वाढत नाही. फायदा होतो तो उष्णतेत आणि झिजेत. नीट असलेले मूळ ब्रेकही चाके जाम करू शकतात, तिथे मर्यादा टायरची असते. पुढच्या पिस्टनांचे क्षेत्रफळ वाढवून मागचे ड्रम तसेच ठेवले, तर पुढची चाके आधी जाम होतात आणि मागचे ब्रेक आपला वाटा उचलतच नाहीत. जोर कमी-जास्त करण्याचा व्हॉल्व्ह इथे उपयोगी नाही, कारण तो फक्त मागचा दाब घटवतो. मागे ड्रमऐवजी डिस्क घातली तर मात्र हा व्हॉल्व्ह लागतो. मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा चेक व्हॉल्व्ह असेल, तर तोही तेव्हा काढावा. राहिला तर पॅड डिस्कला चिकटून राहतात आणि चाक तापते.

पाइपांच्या बाबतीत जपानीला जपानी जुळवणे सोपे, कारण आटे मेट्रिक असतात: एम१०, पिच १ मिमी. खरी फसगत ब्रिटिश गाडीवर जपानी कॅलिपर लावताना होते. ३/८ इंची यूएनएफ नट (इंची मापाच्या बारीक आट्यांचा, २४ आटे प्रति इंच, म्हणजे पिच १.०६ मिमी) एम१०च्या भोकात दोन-तीन फेरे बिनतक्रार जातो. व्यास ९.५ मिमी असल्याने तो सैल धरतो आणि जोरात पाय दिला की आटे सोडतो. पाइपाच्या तोंडाचा फुलोराही, म्हणजे गळती रोखण्यासाठी फुगवलेली कडही, तपासावा. दुहेरी फुलोऱ्याच्या जागी बुडबुड्याच्या आकाराचा फुलोरा घातला तर कितीही आवळले तरी तेल पाझरत राहते.

डावा-उजवा कॅलिपर उलट बसू शकतो. ब्लीडिंगचा, म्हणजे तेलातली हवा काढण्याचा, निपल वरच्या टोकाला यायला हवा. खाली आला तर हवा वर अडकते आणि दोन लिटर ब्रेक ऑइल ओतले तरी पेडल स्पंजासारखे राहते. ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ घ्यावे, सिलिकॉनचे डॉट ५ त्यात मिसळू नये. मूळ चाक १४ इंची आहे. ते चढवण्याआधी कॅलिपरच्या पाठीवर मळलेल्या मातीची गोळी लावून चाक हाताने फिरवावे, माती दबली तर जागा कमी आहे. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून होज ताणत नाही ना, तेही बघावे. नवे पॅड बसण्यासाठी ताशी ५० किमीवरून १०पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवावा. मध्ये थोडे चालवून थंड होऊ द्यावे आणि पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवू नये.

जर्मनीत असा बदल तपासून घेऊन गाडीच्या कागदांवर नोंदवावा लागतो. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ लागू होते. गाडीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल ते करू देत नाही. त्यामुळे कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीच्या पुढच्या ड्रमऐवजी दुसऱ्या गाडीची डिस्क बसवताना आधी आरटीओत विचारलेले बरे. तिथे कॅलिपरबरोबर डिस्क, हब आणि कॅलिपर धरणारे ब्रॅकेट असा सगळा संच जुळवावा लागतो आणि ब्रॅकेटचे वेल्डिंग कच्चे निघाले तर प्रश्न थेट जिवाचा होतो.