ब्रेस्ट पंप खेचत नाही म्हणून परत आणायच्या आधी हे वाचा

"मोटर वीक आहे, दूधच येत नाही, बदलून द्या." असा फोन आला की आम्ही पहिलं विचारतो, फनेल, म्हणजे छातीला लावायचा तो नरसाळ्यासारखा भाग, कोणत्या मापाचा लावलाय? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं, बॉक्समध्ये होता तोच. बॉक्समध्ये साधारण २४ मिमीचा असतो आणि तो सगळ्यांना बसेलच असं नाही, कित्येक जणींना १९ किंवा २१ लागतो.

माप घ्यायचं ते फक्त निपलचं, बुडाशी, आडवं. भोवतीचा काळा भाग धरायचा नाही, गडबड इथेच होते, तो धरला की फनेल मोठा घेतला जातो, मग पंप चालू केला की तो काळा भागपण आत ओढला जातो, सूज येते, दुखतं आणि बाटलीत तळाला चार थेंब. उलट निपल कडांना घासून पांढरं पडत असेल तर फनेल लहान होतोय. बाळाला पाजल्या पाजल्या मोजू नका. दोन्ही बाजूंचं वेगळं मोजा, फरक असू शकतो.

आणि दूध येत नाही म्हणून सक्शन फुल करू नका प्लीज. दुखायला लागलं की पान्हा अजूनच अडतो. आधी हलका फास्ट मोड, धार लागली की स्लो, सहन होईल तेवढाच.

रोज कामावर जाणार असाल तर डबल इलेक्ट्रिक (दोन्ही बाजूंचं एकदम काढणारा) घ्या, कधीतरी एखादी बाटली काढायची असेल तर हाताचा पंप पुरतो, उगाच महागाचा नको, विकणारे आम्हीच आहोत तरी सांगतोय. क्लोज्ड सिस्टिम आहे ना एवढं बघा, म्हणजे दूध ट्यूबमध्ये शिरत नाही.

चांगला चाललेला पंप ढिला पडला तर मोटरच्या आधी व्हॉल्व बघा. बदकाच्या चोचीसारखा तो सिलिकॉनचा तुकडा, त्याची चोच मिटत नसेल किंवा ब्रश घालून घालून फाटली असेल तर सक्शन गेलंच समजा. तो सुटा मिळतो, आमच्याकडे जोडी असते.

उघडलेला पंप आम्ही परत घेत नाही, यावर लोक चिडतात. पण दुसरीने लावून बघितलेला पंप तुम्हाला दिला तर चालेल का? म्हणूनच माप विचारल्याशिवाय आम्ही पॅक करत नाही, चौकश्या वाटल्या तरी चालेल. फनेलच्या आत बसणारे लहान मापाचे इन्सर्टपण ठेवतो, त्यामुळे अख्खा पंप बदलायची वेळ सहसा येत नाही.

छातीत गाठ, लाली, ताप असं काही असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, पंपाचं नंतर बघू.