हजार डॉलर आणि राज्याची वेस

टेक्सासला एमएससाठी निघालेल्या पुण्या-मुंबईच्या मुलांमध्ये हजार डॉलरच्या स्कॉलरशिपची चर्चा हमखास होते. वर्षाच्या फीपुढे ही रक्कम किरकोळच. तरी ती मिळाली की घरात पेढे वाटावेत असा आनंद होतो, आणि तो अगदी रास्त आहे. टेक्सासच्या कायद्यानुसार, गुणवत्तेच्या चुरशीतून वर्षाला किमान १,००० डॉलरची स्कॉलरशिप मिळवलेल्या बाहेरच्या विद्यार्थ्याला सरकारी विद्यापीठ स्थानिकांचीच फी लावू शकते. बाहेरच्यांची फी स्थानिकांपेक्षा बरीच जास्त असते; खरा फायदा या फरकात आहे. मात्र ही चुरस टेक्सासच्या मुलांशीही असते, आणि अशी सवलत विद्यापीठाच्या पटाच्या ५ टक्क्यांपर्यंतच देता येते.

स्थानिक आणि बाहेरचा हा भेद आला कुठून? १८६२ साली लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. केंद्राने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी राहिली. पुढे ती चालवण्याचा मोठा भार राज्याच्या तिजोरीवर पडला. जो कर भरतो त्याच्या मुलांना स्वस्त, इतरांना महाग, असा हिशेब त्यातून रुजला.

तो किती ताणला जायचा ते कनेक्टिकटमध्ये दिसले. तिथे अर्ज करताना पत्ता परराज्याचा असला की शिक्षण संपेपर्यंत तुम्ही बाहेरचेच. कॅलिफोर्नियाहून आलेल्या एका विद्यार्थिनीचा नवरा कनेक्टिकटचा, तिचे लायसन्स तिथले, मतदार यादीत नाव तिथे, तरी फी बाहेरच्यांची. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. पण बाहेरच्यांकडून जास्त फी घेण्याचा राज्यांचा हक्क मात्र कायम ठेवला.

मग वाटा निघाल्या त्या शेजारधर्मातून. दक्षिणेतल्या राज्यांनी १९७४ मध्ये करार केला: आपल्या राज्यात नसलेला अभ्यासक्रम शेजारी असेल, तर तिथे स्थानिक फी. पश्चिमेकडच्या राज्यांनी शेजाऱ्यांसाठी स्थानिक फीच्या दीडपट ही कमाल मर्यादा ठरवली. जॉर्जियाने १९९३ मध्ये लॉटरीच्या पैशातून गुणवत्ता शिष्यवृत्ती सुरू केली, पण ती फक्त स्वतःच्या मुलांसाठी.

चित्र पालटले ते अलाबामात. २००३ नंतर तिथल्या मुख्य विद्यापीठाने विस्तार करायचा ठरवला आणि परराज्यातले हुशार विद्यार्थी हेरले. अमुक मार्क असतील तर तमुक रक्कम, असा तक्ताच मांडला. अर्ज करण्याआधीच घरच्यांना हिशेब मांडता येऊ लागला. पालकांच्या दृष्टीने यापेक्षा मोठा दिलासा नाही, असे मला मनापासून वाटते. काही वर्षांत तिथे निम्म्याहून अधिक विद्यार्थी बाहेरचे झाले. २००८ च्या मंदीनंतर राज्यांचे अनुदान आटले आणि इतर विद्यापीठेही बाहेरची मुले शोधू लागली. सवलत देऊनही त्यांच्याकडून स्थानिकांपेक्षा जास्त पैसे यायचे. कॅलिफोर्नियाने मात्र २०१७ मध्ये बाहेरच्यांच्या प्रमाणावर मर्यादा घातली. घरची मुले मागे पडत असल्याची तिथे ओरड होती.

आपल्याकडून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाला मात्र तिथे वर्षानुवर्षे राहूनही सहसा स्थानिक धरत नाहीत. त्याच्यासाठी ही वेस उघडते ती अशा स्कॉलरशिपने, नाहीतर टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिपने.